हिरोला आधी पानावरून हाकला: हॅरेम कॉमेडीतली रायव्हलरी कशी लिहायची

भावांनो, आमच्यातली दोन-तीन पोरं सध्या मराठीत मंगा, म्हणजे जपानी धाटणीची कॉमिक्स, काढायच्या नादाला लागलीत आणि सगळ्यांना हॅरेम कॉमेडीच काढायचीय, म्हणजे एक साधासुधा पोरगा आणि त्याच्या मागं चार-पाच पोरी. काढा की, मी पण काढलाय. पण माझी पहिली आठ पानं मित्राला दाखवली तर त्यानं पोरींच्या तोंडांवर बोट ठेवलं आणि म्हणाला आता सांग कुठला डायलॉग कुणाचा. मला स्वतःलाच येईना. पाच पोरी, पाच हेअरस्टाईल, आणि बोलायला एकच बाई.

तर पहिलं काम हेच, तोंड झाकून डायलॉग वाचायचे. कोल्हापुरात ह्याला आयतं हत्यार आहे. आपल्याकडच्या पोरी "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात, पुण्याची पोरगी "मी येते", "मी जेवले" म्हणणार. एका क्रियापदात कोण बोलतंय कळतं, वर नाव लिहायची गरज नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता रायव्हलरी. नवीन लोकं काय करतात, दोघी पोरी हिरोचा एकेक हात धरून ओढतात, तो मधे घाम पुसतोय, झाला चॅप्टर. एकदा हसू येतं, तिसऱ्यांदा पान उलटतो माणूस. कारण त्यात कुणाचं काही जात नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या आपल्या तालमींची फुटबॉल मॅच बघितलाय न्हवं? तिथं कप महत्त्वाचा असतोच, पण खरी मजा दोन्ही बाजूची लोकं एकमेकांना किती वर्षं ओळखतात त्यात असते, कोण कुठल्या पेठेतला, मागच्या सीझनला कोण काय बोलला होता, सगळं लक्षात असतंय. हिरो म्हणजे तो कप आहे. कपाला काय कॅरॅक्टर असतंय? प्रेक्षक बघतो ते टीमांकडं.

नेगी हारुबाच्या 'द क्विंटेसेंशियल क्विंटुप्लेट्स' ह्या मंगामधे (२०१७ ते २०२०, १४ खंड) हे लई भारी जमलंय. पाच जुळ्या बहिणी, तोंडं सेम, सगळ्या अभ्यासात ढ, आणि हिरो त्यांचा शिकवणीवाला. म्हणजे सगळ्या एका खोलीत रोज का येतात ह्याला कारण आहे, उगाच योगायोग नाही. नुसता सुरुवातीचा डाव बघा, पहिल्याच चॅप्टरात लग्न दाखवलंय पण नवरी कुठली ते शेवटापर्यंत झाकून ठेवलंय. पण माझ्या मते खरी ताकद दुसरीकडं आहे. क्योतोच्या ट्रिपमधे थोरली इचिका आपल्या बहिणीचा, मिकूचा वेश घेऊन हिरोला फसवते. वाचताना राग येतो तो हिरोला फसवलं म्हणून नाही, सख्ख्या बहिणीचा चेहरा वापरला म्हणून. चांगली पोरगी वाईट वागली आणि आता तिला त्या बहिणीसोबतच एका घरात राहायचंय. कॅरॅक्टर इथं घडतं.

म्हणून मी आता एक नियम पाळतो, प्रत्येक दोन पोरींच्या जोडीचा एक तरी सीन असा लिहायचा ज्यात हिरो एका पण पॅनेलमधे, म्हणजे पानावरच्या चौकटीत, नाही. चार पोरी असतील तर सहा जोड्या होतात, बसून सगळ्या लिहून काढा. ज्या जोडीला बोलायला काहीच सुचत नाही तिथं तुमची एक पोरगी फालतू आहे, काढून टाका. मी तेजस्विनी नावाची फुटबॉल खेळणारी पोरगी अशीच काढून टाकली, वाईट वाटलं कारण तिच्या बुटांचं चित्र काढायला दोन दिवस गेले होते.

माझ्यातला एक सीन सांगतो. हिरो ओंकार, घरचं चप्पल लाईनला दुकान. सायली त्याच्या गल्लीतली लहानपणापासूनची, मृण्मयी पुण्याहून शिकायला आलेली. रात्री रंकाळ्यावर मृण्मयीच्या नव्या कोल्हापुरीचा अंगठा तुटतो. ती म्हणते, "राहू दे, मी उद्या शिवून घेते." सायली म्हणते, "उद्यापर्यंत काय अनवाणी फिरणार हैस? आण इकडं, मी बघतो." आणि पर्समधनं चामड्याची वादी काढून कट्ट्यावर बसल्या बसल्या ओवायला लागते. मृण्मयी नुसती तिची बोटं बघतेय. एवढं कुठं शिकलीस विचारल्यावर सायली म्हणते, "ओंक्याच्या आज्जानं शिकवलं, मी दुसरीत होतो तवा."

बास. एवढंच. त्या एका वाक्यात मृण्मयीला कळतं की आपण कितीही जोर लावला तरी ती दुसरीतली दुपार आपल्याला मिळणार नाही, आणि त्याच बाईनं आत्ता आपली चप्पल शिवून दिलीय. जळायचं का थँक्यू म्हणायचं? मी तिथं डायलॉग ठेवलाच नाही, पुढच्या पॅनेलात फक्त दोन पायांच्या चपला आणि "कर्र कर्र" आवाज.

हिरोचं थोडक्यात सांगतो. तो मठ्ठ चालेल पण कायम मठ्ठ नको, त्याला एक स्वतःचं काम द्या आणि एकदा तरी नाही म्हणायला लावा, स्पष्ट, तोंडावर. नाही म्हणवत नसेल तर शेवटी सगळ्यांना खूश करायला बघताय तुम्ही. 'वी नेव्हर लर्न' ह्या दुसऱ्या एका हॅरेम मंगामधे पाच पोरींना पाच वेगळे शेवट दिलेत, काही लोकांना ते आवडलं, मला वाचताना पाचही जणी जिंकल्यासारखं वाटलंच नाही.

आणि जी पोरगी हरणार आहे तिला हरायच्या आधी काहीतरी मिळवून द्या जे हिरोशी संबंधित नाही, नोकरी, मैत्रीण, काही पण. नाहीतर शेवटच्या चॅप्टरात ती नुसती लग्नात टाळ्या वाजवत उभी दिसते.

आता ते क्रियापद. माझ्या एकोणिसाव्या चॅप्टरात सायलीच्या वडिलांना रात्री ॲडमिट करतात. ती ओंकारला फोन करत नाही, मृण्मयीला करते. पलीकडनं पायात चपला घातल्याचा आवाज येतो आणि मृण्मयी म्हणते, "थांब तिथंच, मी येतो." एक रिकामं पॅनेल. मग सायली दवाखान्याच्या जिन्यात रडता रडता हसायला लागते.