सौर पंपाचे पाणी यंदा डोंगराला द्या

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात जमीन ओसाड होण्याची चर्चा कशाला, असे कुणालाही वाटेल. पण इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०१६ साली काढलेल्या नकाशासंग्रहात निम्म्याहून अधिक जमिनीचा ऱ्हास झालेली जी मोजकी राज्ये आहेत, त्यांत राजस्थान, गुजरातबरोबर गोवाही आहे. आपल्याकडे वाळू पसरत नाही. पावसाळ्यात माती धुपते, मग मेपर्यंत उघडा जांभा तापतो. डिचोली, सत्तरी, सांगे इथले बोडके उतार हेच सांगतात.

आता ऑक्टोबर सरतोय, जमिनीत ओल आहे. ती टिकवायची तयारी याच पंधरवड्यात करावी. कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, बहुधा पाटाचे पाणी असतेच. सौर पंप घेणार असाल तर त्याचे पाणी वरच्या उताराला, नव्या काजू-कोकम कलमांना न्या.

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या स्वतंत्र सौर पंपाला अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती विभागीय कृषी कार्यालयात विचारा. मात्र अनुदान मिळते म्हणून मोठा पंप घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीला किती झरा असतो, त्यावर पंप ठरवा. वीजबिल येत नाही म्हटल्यावर पंप दिवसभर चालू राहतो आणि विहीर तळ गाठते, हे लक्षात असू द्या. विहीर कोरडी पडताच पंप आपोआप बंद होईल अशी सोय विक्रेत्याकडून लिहून घ्या.

पॅनेल कुळागरात नकोत, उघड्या कातळावर हवेत. तोंड दक्षिणेला, आणि वर्षभर एकच कल ठेवायचा तर सुमारे १५ अंश. माडाच्या एका चुडताची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी एकमेकांना जोडलेल्या सगळ्या पॅनेलची वीज घटते. म्हणून सकाळी ९ ला आणि दुपारी ३ ला स्वतः उभे राहून सावली पाहा, मगच खांब रोवा. खाणपट्ट्यात धूळ फार. पॅनेल सकाळी गार असतानाच धुवा.

दिवसा पाणी वरच्या टाकीत चढवावे आणि संध्याकाळी ठिबकने सोडावे. टाकी १० मीटर उंच असली की सुमारे १ किलो दाब आपसूक मिळतो. जांभ्यातल्या पाण्यात पुष्कळदा लोह असते. हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि ठिबकची भोके बुजतात. तेव्हा पाणी काही तास टाकीत निवळू द्या, बाहेर जाणारा नळ तळापासून वीतभर वर बसवा आणि गाळणी नेमाने धुवा.

कलमाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळा किंवा नारळाची सोडणे जाड पसरा. पहिले दोन उन्हाळे पाणी मिळाले की काजू पुढे बराचसा स्वतःचे पाहतो. बांधावर वाळा लावायचा तो मात्र जूनमध्ये. आणि काजूच्या हंगामाआधी झाडाखालचा पाला पेटवून साफसफाई करण्याची रीत सोडाच. त्या आगीत जमिनीचे पांघरूणच जळते.

खाजनाकाठी, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतीजवळ, विहीर असेल तर पंपाआधी पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे खारेपणा, तपासा. ०.७ डेसिसायमन्स प्रतिमीटरच्या आत असेल तर चिंता नाही. ३ च्या वर असेल तर तिथे पंप नकोच. उपशाने खार आणखी आत ओढला जाईल. तो पैसा खाजनाच्या बांधाला आणि खाडीचे पाणी अडवणाऱ्या मानशीच्या दारांना लावा.