वार्ताहर ते राजकीय भाष्यकार : महाराष्ट्रात हे काम कसे शिकावे

राजकीय पत्रकारितेत येऊ इच्छिणाऱ्या बहुतेक तरुणांना मुळात भाष्यकार व्हायचे असते. वृत्तवाहिनीवरील चर्चेत बसावे, संपादकीय पानावर सदर लिहावे, निवडणुकीचे वारे कोणत्या दिशेने वाहत आहे ते सांगावे, ही इच्छा गैर नाही. मात्र ज्याने पंचायत समितीची एकही सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेली नाही, एकही शासन निर्णय उघडून त्यातील अटी वाचलेल्या नाहीत आणि निकालानंतर आठवड्याने पराभूत उमेदवाराच्या गावात जाऊन लोकांशी बोललेले नाही, त्याचे मत वाचकाने का ऐकावे, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. म्हणून आधी वार्तांकन, त्याच्या जोडीने कागदपत्रांचे वाचन आणि मत सर्वांत शेवटी, हाच क्रम मी सुचवीन.

पदवी कोणत्या विषयाची असावी, हा प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचा नाही. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा कायदा यांपैकी काही शिकलेले असल्यास पुढे कष्ट वाचतात, आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात बातमीची मांडणी व संपादनाची शिस्त शिकता येते. राज्यघटनेचे अनुच्छेद १५३ ते २१३ मात्र प्रत्येकाने मुळातून वाचलेच पाहिजेत. राज्यपाल, मंत्रिमंडळ, विधिमंडळ आणि अध्यादेश यांविषयीच्या तरतुदी तेथे आहेत. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये किंवा मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात ती मुख्यमंत्र्यांसह ४३ पर्यंतच जाऊ शकते, या गोष्टी माहीत असल्या की मंत्रिमंडळ विस्ताराच्या निम्म्या अफवा लिहिण्यापूर्वीच बाजूला पडतात.

पहिली दोन-तीन वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी काढता आली तर ती जरूर काढावीत. थेट मुंबईत सुरुवात करणाऱ्याला नेते लवकर ओळखू लागतात, पण नेते ज्या जमिनीवर उभे असतात ती त्याला दिसत नाही. महाराष्ट्रातील राजकीय ताकद मोठ्या प्रमाणावर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती आणि शिक्षण संस्था यांच्यातून उभी राहिलेली आहे. त्यामुळे कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक ज्याने जवळून पाहिली, त्याला पुढे एखादा आमदार पक्ष का सोडतो हे समजायला मुलाखतीची गरज फारशी पडत नाही. सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांना मिळतो. तो मिळवावा आणि त्यातील कर्जे, थकबाकी, लेखापरीक्षणाचा वर्ग व लेखापरीक्षकांचे शेरे आधी वाचावेत, अध्यक्षांचे मनोगत नंतर वाचले तरी चालते.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या सभांना जाताना विषयपत्रिका हातात असावी आणि सभा संपेपर्यंत जागा सोडू नये. विषयपत्रिकेवरील विषय बहुधा शांतपणे मंजूर होतात. ज्यांत कोणाचे तरी हित गुंतलेले असते असे प्रस्ताव पुष्कळदा ऐनवेळच्या विषयांत येतात आणि तोपर्यंत बहुतेक वार्ताहर बातमी देण्यासाठी निघून गेलेले असतात. सभेनंतर इतिवृत्त मागवून घ्यावे आणि आपल्या टिपणांशी ताडून पाहावे. सभेत झालेला विरोध इतिवृत्तात आलाच नसेल, तर तीही एक बातमी आहे.

ज्या कागदाला कार्यालय नकार देते त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे. राज्य शासनाच्या कार्यालयात अर्जाचे शुल्क १० रुपये असून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. 'अमुक योजनेत भ्रष्टाचार झाला का' असे विचारणारा अर्ज वाया जातो, कारण कायदा माहिती देतो, मत देत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या देयकांच्या, मोजमाप पुस्तिकेच्या आणि कार्यारंभ आदेशाच्या प्रती मागाव्यात. त्या मिळाल्या की प्रश्नाचे उत्तर आपण स्वतः शोधू शकतो.

त्यानंतर मंत्रालय आणि विधिमंडळ. येथे पोहोचल्यावर अधिस्वीकृती पत्रिका (शासनमान्य पत्रकाराचे ओळखपत्र), प्रवेशिका आणि ओळखी या गोष्टींना अवास्तव महत्त्व येते. खरे शिक्षण कामकाजपत्रिकेत असते. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते, लक्षवेधी सूचनेने मंत्र्याला निवेदन करावे लागते आणि नियम २९३ अन्वये होणारी चर्चा विरोधकांना सरकारच्या कारभारावर सविस्तर बोलण्याची संधी देते. कोणत्या आमदाराने कोणते आयुध कशासाठी वापरले, याची नोंद वर्षभर ठेवली तर त्या आमदाराचे राजकारण त्याच्या भाषणांपेक्षा अधिक स्पष्ट कळते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन अनेकांना मोर्चे आणि गाठीभेटींसाठी आठवते, पण अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्यांचे पुस्तक तितक्याच लक्षपूर्वक वाचले पाहिजे. मार्चमधील अर्थसंकल्पात ज्या खर्चाची तरतूद नव्हती किंवा कमी होती, तो खर्च कोणत्या विभागाने, कोणत्या तालुक्यातील कोणत्या कामासाठी मागितला आहे, हे त्यात छापलेले असते. लेखापरीक्षेचे अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, त्यामुळे परतीचे तिकीट त्या दिवसाच्या रात्रीपूर्वीचे काढू नये. सभागृहातील कामकाजाचे प्रामाणिक व सारतः खरे वृत्त, ते द्वेषबुद्धीने दिलेले नसल्यास, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ अ मुळे संरक्षित आहे. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द मात्र छापू नयेत, कारण तेथे हक्कभंगाचा प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्राविषयी लिहिणाऱ्याला राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, तोंडपाठ असावी लागते, असे मी आग्रहाने म्हणतो. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने ती आली, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले आणि आता दोन-तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने होणाऱ्या विलीनीकरणाचाच अपवाद उरला आहे. २०२२ आणि २०२३ मधील पक्षफुटींच्या काळात 'दोन-तृतीयांश आमदार सोबत असले की अपात्रता टळते' असे विधान असंख्य वेळा झाले, आणि विलीनीकरणाची अट त्यातून सहज गळून पडली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निकालात प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षादेश बजावणारा आमदार, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या आमदारांच्या गटाचा नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालात, उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही म्हटले. एका निकालाच्या या दोन बाजू आहेत. ज्याला त्यांतली एकच सांगायची असते तो प्रवक्ता असतो. भाष्यकाराने दोन्ही सांगाव्यात आणि मग आपले मत द्यावे.

निवडणुकीचे विश्लेषण हे भाष्यकाराचे सर्वांत दिसणारे काम आहे आणि सर्वाधिक चुकाही त्यातच होतात. उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६, त्याची मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे सांगते. एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांतील शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. निकालानंतर नमुना २० मध्ये मतदान केंद्रनिहाय मते मिळतात. मी स्वतः ज्या पद्धतीने काम करतो ती साधी आहे: मतदारसंघातील वीस-पंचवीस केंद्रे निवडायची, त्यांतील गावे ओळखायची, तीन निवडणुकांची मते एका तक्त्यात मांडायची आणि मगच त्या गावांत जायचे. अमुक समाज अमुक पक्षाकडे गेला, हे विधान आकड्यांच्या आणि पायपिटीच्या आधाराशिवाय करू नये, कारण मतदान केंद्रावर समाज मोजला जात नाही, मते मोजली जातात.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर मी एका मतदारसंघाची २००४ च्या मतांशी तुलना करून एका पक्षाचा पाया खचल्याचे लिहिले. मतदारसंघाचे नाव तेच होते, पण मतदारसंघांच्या पुनर्रचनेत त्यातील बरीच गावे शेजारच्या मतदारसंघात गेली होती. एका जुन्या कार्यकर्त्याने दूरध्वनी करून शांतपणे विचारले, "साहेब, आमची गावं कुठं गेली ते तरी बघायचं होतं." पुढच्या लेखाच्या सुरुवातीलाच मी दुरुस्ती छापली. तेव्हापासून कोणतीही तुलना करण्यापूर्वी मी सीमांचा नकाशा पाहतो.

सूत्रांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. २२ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी मुंबईतील तीन पक्षांच्या बैठकीनंतर उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वावर सहमती झाल्याचे शरद पवार यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे ती बातमी घेऊन घरोघरी पोहोचत असतानाच राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला होता, आणि राष्ट्रपती राजवट त्यापूर्वी पहाटेच उठवली गेली होती. चार दिवसांत तेही सरकार गेले. सहमती झाल्याचे नेत्याने सांगितले होते, त्यामुळे 'सांगितले' असे लिहिणारा वार्ताहर चुकला नाही. मुख्यमंत्री ठरलाच, असे लिहिणारा चुकला. 'सांगितले', 'ठरले' आणि 'घडले' या तीन क्रियापदांत अंतर राखणे, हे या व्यवसायातील रोजचे काम आहे. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द लिहिताना आपल्याजवळ एकाहून अधिक सूत्रे आहेत का, ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत का आणि ही बातमी आज बाहेर येण्यात त्यांपैकी कोणाचा लाभ आहे, हे स्वतःला विचारावे. नाव न छापण्याच्या अटीवर काही ऐकायचे असेल तर ती अट बोलणे सुरू होण्यापूर्वी ठरवावी, आणि एकदा शब्द दिला की तो संपादकाच्या दबावाखालीही मोडू नये.

नेत्यांशी मैत्री होणारच, कारण वर्षानुवर्षे रोज भेटणारी ही माणसे असतात. पण त्यांच्याकडून घर, भूखंड, जाहिरात, नातेवाइकाची बदली किंवा प्रवासाचा खर्च घेतला की लेखणीवर त्यांचा हक्क तयार होतो. पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापण्याच्या प्रकारांची २००९ च्या निवडणुकांनंतर देशभर चर्चा झाली आणि भारतीय प्रेस परिषदेने त्याची चौकशीही केली, त्या चर्चेत महाराष्ट्राचे नाव अग्रभागी होते. आपल्याच वृत्तपत्राच्या धोरणाशी न पटण्याचा प्रसंगही येईल. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर मतभेदांनंतर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केले. सर्वांना ते शक्य होत नाही, घर चालवावे लागते. अशा वेळी जे आपल्याला खोटे वाटते त्याखाली स्वतःचे नाव घालण्यास नकार देणे, इतके तरी हाती असते.

सदर लिहिण्याची संधी आली की पहिल्या लेखापासून एक शिस्त ठेवावी: एका लेखात एकच प्रतिपादन, त्याचे पुरावे आणि त्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा, तोही विरोधक जसा मांडेल तसा. आरोप लिहिताना भारतीय न्याय संहितेचे बदनामीविषयीचे कलम ३५६ ध्यानात असावे. विधान सत्य असणे आणि ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलेले असणे, या दोन्ही गोष्टी बचावासाठी लागतात, त्यामुळे कागद हाती येईपर्यंत वाक्य थांबवून ठेवावे आणि संबंधित व्यक्तीची बाजू मागितल्याची तारीख व वेळ टिपून ठेवावी. वाहिनीवरील चर्चेचे निमंत्रण आले तर विषय आपल्या अभ्यासाचा आहे का, हे पाहूनच होकार द्यावा. रोज प्रत्येक विषयावर बोलणाऱ्याला वाचनासाठी वेळ उरत नाही आणि वर्षभरात त्याचा साठा संपतो.

प्रत्येक निवडणुकीपूर्वी, मतदानाच्या आदल्या दिवशी, आपला अंदाज कारणांसह वहीत लिहून त्याखाली तारीख घालावी. तो तेव्हा प्रसिद्ध करायचा नसतो. निकालानंतर वही उघडावी, कोणते कारण खोटे ठरले ते शोधावे आणि निवडणुकीवरचा पहिला लेख विजेत्यापासून सुरू न करता आपल्या त्या चुकलेल्या कारणापासून सुरू करावा.