जुनी पाणपोई दिसली तर नुसता फोटो काढून जाऊ नका

आधी खाली वाका. जमिनीलगत छोटं कुंड असेल तर ते कुत्र्यांसाठी, आणि बाजूला लांबलचक दगडी डोण असेल तर ती घोडे-गुरांसाठी, लंडनमध्ये अशा पाणपोया बांधणाऱ्या संस्थेने तर १८६७ मध्ये आपल्या नावातच गुरांची डोण घातली. मग नळाच्या आजूबाजूला साखळीची कडी किंवा तिचं भोक शोधा, कारण पूर्वी एकच पेला साखळीला बांधलेला असायचा आणि सगळं गाव त्यातूनच प्यायचं (हो, तोच उष्टा पेला!). लंडनची पहिली अशी पाणपोई १८५९ ची, होबर्न भागात चर्चच्या कठड्यात बसवलेली, ग्रॅनाइटची, तिथे साखळीचे पेले अजून बघायला मिळतात, आणि पेला जागेवर ठेवा असं दगडावर कोरलंय. त्याआधी कॉलऱ्याने शहर हैराण होतं, म्हणून चांगलं पाणी फुकट द्यायची ही धडपड.

आता मटेरियल बघा. दगडी असेल तर सांधे तपासा, पाण्याचा पाइप आतून वर आणलेला असतो आणि दुरुस्तीसाठी मागे कुठेतरी झाकण असतं. ओतीव लोखंडाची असेल तर बोटाने जोड चाचपा, सुटे भाग ओतून मग जुळवलेले असतात, पॅरिसची १८७२ पासूनची हिरवी वॉलेस कारंजी (म्हणजे तिथल्या पाणपोयाच) तशीच, चार बायकांच्या पुतळ्यांनी घुमट डोक्यावर धरलेला.

शिलालेख शेवटी वाचा, त्यात बहुतेक वेळा देणगीदाराचंच कौतुक असतं.