शब्दांना तासभर सुट्टी: खेळांतून इम्प्रोव्हायझेशन कसं शिकावं, कसं शिकवावं

इम्प्रोव्हायझेशन म्हणजे आधी काही न ठरवता, त्या क्षणी सुचेल तसं करून दाखवणं. नाटकाच्या वर्गात नव्याने आलेल्या माणसाला "काहीतरी करून दाखव" म्हटलं की तो लगेच बोलू लागतो. पाय एका जागी खिळलेले, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, आणि तोंड मात्र सुरू. म्हणून माझ्या वर्गात पहिला तासभर कुणी बोलायचं नाही. आधी पाय, मग डोळे, शब्द सगळ्यात शेवटी.

दहा-बारा जण, खुर्च्या भिंतीला लावलेली खोली आणि अनवाणी पाय एवढं पुरतं. फरशी ओली नाही ना, तेवढं बघून घ्या.

सुरुवात चालण्याने करा. नियम एकच: जिथे मोकळी जागा दिसेल तिकडे जायचं. दोन मिनिटांत सगळे प्रदक्षिणा घातल्यासारखे एकाच दिशेने फिरू लागतील. तेव्हा "दिशा बदला" एवढंच म्हणा. मग वेगाला आकडे द्या. रोजची चाल म्हणजे 5, जेमतेम सरकणं म्हणजे 1, धावण्याच्या बेतात म्हणजे 9. आकडे पुकारत राहा. त्यानंतर जमीन बदला: तापलेली फरशी, गुडघाभर पाणी, भातखाचरातला चिखल. इथे "चिखलाचा अभिनय करा" असं चुकूनही म्हणू नका. "पाय बाहेर काढताना जोर कुठे लागतोय?" असं विचारा. उत्तर शरीराने द्यायचं, तोंडाने नाही.

खेळ न थांबवता बाहेरून असं बोलत राहण्याची पद्धत अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी रुजवली. शिकागोत नेव्हा बॉइड यांच्याकडे त्या खेळांतून शिकवायला शिकल्या आणि पुढे स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना त्यांनी नाटकाचे खेळ घडवले. भाषणापेक्षा खेळाचा नियम मुलांना पटकन कळतो. मोठ्यांचंही तसंच असतं.

आता आरसा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा खेळ हाच. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एक हलेल, दुसरा त्याचं प्रतिबिंब. समोरच्याने उजवा हात उचलला तर तुमचा डावा उठेल. नजर हातांवर ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. हात आपोआप कडेने दिसतात. पुढे असणाऱ्याला जोडीदाराला चकवायचा मोह होतो. त्याला सांगा, "तो मागे पडला तर चूक तुझी." मग चाल आपसूक संथ होते. दोन मिनिटांनी अदलाबदल, नंतर पुन्हा अदलाबदल, आणि शेवटी "आता कुणीच पुढे नाही." पहिल्या दिवशी हे फार तर चार-पाच सेकंद जमतं, पण त्या सेकंदांत खोली शांत होते. घाई करू नका. या एका खेळाला वीस मिनिटं खुशाल द्या.

मग लहानपणीचा स्टॅच्यू. दोघं हालचाल करताहेत, तुम्ही टाळी वाजवता, दोघं गोठतात. तिसऱ्याने एकाच्या खांद्याला हात लावून हुबेहूब त्याच पवित्र्यात उभं राहायचं आणि तिथून वेगळंच काही सुरू करायचं. मघाशी पतंग उडवणारे हात आता विहिरीतून पाणी शेंदतील. आधी कल्पना शोधून मग आत शिरू नका. पवित्रा घ्या, हात काय सुचवताहेत ते बघा.

शब्द आणायचे तेही आधी निरर्थक भाषेत. "फलाकू तिमरे" म्हणत भाजीचा भाव पाडून दाखवायचा. अर्थ नसल्यामुळे आवाज, मान, खांदे सगळ्यांना कामाला लागावं लागतं.

शेवटी दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, खऱ्या भाषेत. जोडीदाराने दिलेलं नाकारायचं नाही, त्यात भर घालायची. तो म्हणाला, "ताई, शेवटची एसटी गेली," तर "कसली एसटी? आपण घरीच आहोत" म्हटलंत की प्रसंग तिथेच मेला. "गेली ना, आणि बाबांची औषधं तिच्यातच राहिली" म्हणा, दोघांनाही काम मिळेल. तमाशाच्या वगात वर्षानुवर्षं गोष्टीचा सांगाडा आणि गाणी तेवढी ठरलेली असत. संवाद फडावर उभे राहून रचले जात. सोंगाड्याला समोरच्याचा शब्द झेलता आला नाही, तर वग पुढे सरकणार कसा?

विनोद करायचा प्रयत्न मी थांबवते. हशा मिळाला की नवखा माणूस जोडीदाराचं ऐकणं सोडून प्रेक्षकांकडे बघू लागतो.

प्रसंग संपला की "छान झालं का?" विचारू नका. बघणाऱ्यांना विचारा, "काय दिसलं?" कुणी म्हणेल, "ती भिजली होती." मग पुढचा प्रश्न: "कशावरून?" तिच्या खांद्यांवरून की चालण्यावरून, ते त्यांना शोधू द्या.