बांधता उन्हाळ्यात, राहायचे पावसात: शेतातली खोली स्वतः बांधताना या चुका टाळा

कणकुंबी-जांबोटीपासून अथणी-कागवाडपर्यंतच्या आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात शेतावर लहानशी खोली बांधण्याचे बेत साधारणपणे संक्रांतीनंतर सुरू होतात. सुगी आटोपलेली असते, जमीन वाळलेली असते, ट्रॅक्टर थेट बांधापर्यंत जातो आणि दहा बाय बाराची एक खोली आपण स्वतःच उभी करू, असे घरातल्या कोणाला तरी वाटू लागते. तसे वाटण्यात काही गैर नाही. अशा खोलीसाठी मोठा आराखडा लागत नाही आणि अर्धे काम गवंड्याच्या मदतीने शिकतही होते. मात्र अशा खोल्यांमधील बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: कोरड्या जमिनीकडे पाहून घेतलेले निर्णय. अथणीकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कित्येक पट तो कणकुंबीला पडतो. तरीही दोन्हीकडचे लोक मोबाईलवर पाहिलेली एकच खोली बांधायला निघतात.

पाणी कोठून येते हे न पाहता जागा धरणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जांबोटी भागातील एका गावात, पुण्यातील नोकरी सोडून परतलेल्या एका तरुणाने मार्च महिन्यात उताराच्या पायथ्याशी असलेल्या सपाट तुकड्यावर खोलीची आखणी केली. सावली होती, बोअर जवळ होती आणि समोरचा ओढा कोरडा होता. शेजारच्या शेतातील एका वयस्कर गृहस्थांनी त्याला सांगितले, "बाळा, इथं पाणी कुठनं येतंय ते आषाढात येऊन बघ, मग दोरी लाव." त्याने हसून तो विषय टाळला, कारण ओढ्यापासूनचे अंतर त्याने मोजून ठेवले होते आणि तेवढे अंतर पुरेसे आहे असा त्याचा हिशोब होता.

तो हिशोब खरा ठरला. ओढा काठाबाहेर आलाच नाही. पाणी आले ते मागून. जागा सपाट करण्यासाठी त्याने मागचा उतार खणून काढला होता, त्या कापलेल्या मातीला चर दिला नव्हता आणि जोते, म्हणजे खोलीखालचा चौथरा, जेमतेम नऊ इंचांचे ठेवले होते. वरच्या शेतांचे पाणी बांध फोडून थेट मागच्या भिंतीवर आले, जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांध्यांतून आत झिरपले आणि आत रचलेली खताची पोती खालून भिजली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने आतून भराव घालून जमीन दीड फूट उंच केली. त्यामुळे दरवाजा तेवढाच बुटका झाला आणि आता त्या खोलीत शिरताना प्रत्येकाला कमरेत वाकावे लागते. जोते नंतर वाढवता येईल असे सांगणाऱ्यांनी तो दरवाजा एकदा पाहून यावा.

माझा नेम साधा आहे. जागा एका पावसाळ्यात पाहिल्याशिवाय तिथे खुंटी ठोकायची नाही. तेवढा धीर नसेल तर कोरड्या जमिनीवरच्या खुणा वाचाव्यात: लव्हाळा कोठे उगवला आहे, बांधाला घळ कोठे पडली आहे आणि झाडांच्या बुंध्यांशी पाचोळा कोणत्या बाजूने साचला आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जोते दोन फूट असावे, इतरत्र दीड फुटापेक्षा कमी नको. चढाच्या बाजूला भिंतीपासून चार-पाच फुटांवर अर्धचंद्राकृती चर काढावा आणि त्याची दोन्ही तोंडे खोलीला वळसा घालून उताराकडे मोकळी सोडावीत. चर काढून तोंडे बंद ठेवणारेही मी पाहिले आहेत; त्याला चर न म्हणता तळे म्हटलेले बरे.

पूर्वेकडे, म्हणजे बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी या बाजूंना, प्रश्न वेगळा असतो. तिथली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे तिच्यावरच थांबलेला पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो आणि दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. या भेगा सिमेंटने बुजवून जात नाहीत. आधी एक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि पाया तिथपर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर तिथे जाणकार गवंड्याचा सल्ला घ्यावा. पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

छप्पर फक्त ठेवणे

पत्र्याचे छप्पर जड असते आणि म्हणून ते जागेवर राहते, हा दुसरा लाडका गैरसमज. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर खालून दाब येतो आणि वरून ओढ बसते. त्यातच वाऱ्याच्या बाजूचा दरवाजा उघडा राहिला तर आतला दाब आणखी वाढतो. चिकोडीकडील एका शेतात पत्रे पाइपांना हुकांनी उत्तम आवळलेले होते, पण ते पाइप भिंतीवर नुसते ठेवून त्यांवर दगड रचले होते. वळवाच्या एका सरीत संपूर्ण छप्पर, पाइपांसह आणि एकही हुक न सुटता, शेजारच्या उसात जाऊन पडले. मालकाला हुकांचा मोठा अभिमान होता.

भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओतावा, त्यात बोल्ट किंवा वाकवलेल्या सळया ओतकामाच्या वेळीच बसवाव्यात आणि पाइप किंवा वासे त्यांना आवळावेत. नालीदार पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. पत्रे लांबीत जोडायचे असतील तर किमान सहा इंच एकावर एक घ्यावेत. उतार वाचवून पत्रा वाचवणारे पश्चिम भागात हमखास फसतात. मी तिथे पत्र्याला फुटामागे चार इंच आणि मंगळुरी कौलांना सात इंच उतार ठेवतो. वळचण दोन फूट तरी बाहेर काढावी, म्हणजे पागोळ्या चिऱ्यावर न पडता लांब पडतात.

बाकीच्या, थोडक्यात

काटकोन डोळ्याने ठरवू नये. दहा बाय बाराच्या आखणीत दोन्ही कर्ण सुमारे 15 फूट साडेसात इंच भरले पाहिजेत. ते जुळेपर्यंत कुदळ उचलू नये.

खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. स्वस्त मिळाला म्हणून ओला चिरा लगेच लावू नये.

घट्ट झालेल्या सिमेंट-वाळूच्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरणे ही निव्वळ आळशीपणाची खूण आहे. काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारावे. एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, म्हणून क्रशरची धूळ घेऊ नये.

लाकडी खांब मातीत पुरला की वाळवी लागली असे समजावे; खाली दगड किंवा काँक्रीटची बैठक द्यावी. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते, हे झाड आडवे केल्यावर कळून उपयोग नसतो.

शेतीच्या कामासाठी शेतघर बांधणे आणि त्याच खोलीत पाहुणे ठेवून भाडे घेणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी 1964 च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याप्रमाणे जमीन बिगरशेती करून घ्यावी लागते. भीमगड अभयारण्याच्या आसपास जमीन असेल तर पंचायतीबरोबर वनखात्यातही आधीच विचारावे.

शेवटची गोष्ट वेळेची. मेअखेर रोहिणी नक्षत्र निघेपर्यंत छप्पर चढले नाही, तर बहुतेक जण घाबरून जून-जुलैत काम रेटतात. त्यापेक्षा भिंतींच्या माथ्यावर मालाचा पातळ थर द्यावा, वर ताडपत्री घट्ट बांधावी, चर मोकळा करावा आणि उरलेले काम दसऱ्यानंतर धरावे. ओल्या चिऱ्यावर घाईने चढवलेला गिलावा दिवाळीपर्यंत फुगून सुटू लागतो आणि तो खरवडण्याची मजुरी पुन्हा वेगळी मोजावी लागते.