संगणक सुरू होताच आपसूक उघडणारे प्रोग्रॅम कसे बंद करावेत

"अरे, मी काय्येक उघडूक नाय. ता आपसूकच येता!" देवगडचे काका फोनवर कळवळून सांगत होते, आणि ते खरंच होतं. संगणक चालू केला की आधी व्हिडिओ कॉलचं एक ॲप, मग प्रिंटरची खिडकी, मग गाण्यांचा प्रोग्रॅम, मग ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागणारा आणखी कुणीतरी. एवढ्या मंडळींची उठबस होईस्तोवर काकूंचा चहा निवून जायचा.

एरवी चाललं असतं. पण आंब्याच्या दिवसांत पेट्यांची बिलं त्याच संगणकावर होतात. गणपती आटोपून मुंबईला परतणाऱ्या मुलांची रेल्वेची तिकिटं काढायची तर आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. त्यात पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, म्हणजे हीच वरात चारदा बघायची. शिवाय काकांचं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. न बोलावता उघडलेले हे प्रोग्रॅम मागच्या मागे अपडेट उतरवतात आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो.

यातले बहुतेक प्रोग्रॅम व्हायरस नसतात. आपणच कधीतरी ते टाकलेले असतात आणि टाकताना ‘संगणकाबरोबर सुरू व्हा’ या चौकटीतली खूण तशीच राहून गेलेली असते. त्यामुळे यादी बघताना ‘हा कोण?’ यापेक्षा ‘संगणक उघडल्या उघडल्या हा लागतो का?’ असं विचारायचं. व्हिडिओ कॉलचं ॲप कामाचंच आहे, पण ते कॉलच्या वेळी. स्टार्टअपमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्यांच्या यादीतून, बंद केलं तरी ते संगणकातून जात नाही, आयकॉनवर क्लिक केलं की नेहमीसारखं उघडतं. काकांना हे पटवायलाच मला दहा मिनिटं लागली.

सुरुवात टास्क मॅनेजरपासून

आधी वही-पेन घ्या. चेष्टा नाही, त्याचं कारण पुढे येईल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडेल. विंडोज 10 मध्ये छोटीशीच खिडकी आली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा आणि वरच्या ‘स्टार्टअप’ या टॅबवर जा. विंडोज 11 मध्ये डाव्या पट्टीत ‘स्टार्टअप ॲप्स’ आहे. विंडोज 7 असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून जी चौकट येते तिच्यात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) लिहा. तिथेही स्टार्टअप नावाचा टॅब मिळेल.

टास्क मॅनेजरच्या यादीत प्रोग्रॅमचं नाव, तो बनवणारी कंपनी, तो चालू आहे की बंद, आणि ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असे रकाने दिसतात. शेवटच्या रकान्यात ‘हाय’ लिहिलं असेल तर त्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच प्रोसेसरचा 1 सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं, असा अर्थ. एकट्याचं हे काही फार वाटत नाही. पण असे आठ-दहा जण एकाच वेळी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तुटून पडले, की ती बिचारी कुणाकुणाला पुरी पडणार?

नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ निवडा आणि ते नाव वहीत लिहा. एका वेळी दोन किंवा तीन, जास्त नाही. मग संगणक रिस्टार्ट करा. रिस्टार्टच, शटडाऊन नव्हे. बऱ्याच संगणकांत ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यामुळे शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही आणि नेमका फरक कळत नाही.

कुणाला हात लावू नये

विंडोज सिक्युरिटी किंवा तुमचा अँटिव्हायरस, आवाजाचा प्रोग्रॅम, लॅपटॉपच्या टचपॅडचा प्रोग्रॅम, ही घरची माणसं. त्यांना राहू द्या. ज्या फोल्डरमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात, त्याचा प्रोग्रॅम बंद केला तर फोटो जायचे थांबतील. ते चालणार असेल तरच बंद करा. प्रिंटरची खिडकी मात्र बिनधास्त बंद करा. छपाईचं काम विंडोजची वेगळी सर्व्हिस करते, त्यामुळे प्रिंट येतच राहते. फार तर स्कॅनरवरचं एखादं बटण चालणार नाही.

आता वहीचं कारण. पहिल्या दिवशी मी भरात येऊन काकांच्या यादीतली नऊ नावं एका दमात बंद केली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मेल्या, मराठी खंय गेला?" मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम त्या नवांत होता. नाव इंग्रजी, तेही तीन-चार अक्षरी, माझ्या लक्षातच आलं नाही. बिलांवर गिऱ्हाइकांची नावं उमटेनात. फोनवरून एकेक नाव वाचून घेत तो शोधला आणि ‘एनेबल’ करायला लावला. वहीत लिहिलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

बंद केलेला पुन्हा येतो तेव्हा

काही प्रोग्रॅम चिवट. आज बंद केला तरी पुढच्या अपडेटनंतर पुन्हा ओटीवर हजर. अशा वेळी तो प्रोग्रॅम उघडून त्याच्याच सेटिंग्जमध्ये संगणकाबरोबर सुरू होण्याचा पर्याय शोधा आणि तिथली खूण काढा. क्रोममध्ये सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझर बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’. दोन्ही बंद करून चालतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्येही अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स इथे गेल्या वेळी उघडी असलेली ॲप्स पुन्हा उघडण्याचं बटण आहे. तेही बघा.

टास्क मॅनेजरमध्ये नावच नाही आणि तरी काहीतरी उघडतंय? मग स्टार्टअप फोल्डर बघा. विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत ‘शेल’, मग कोलनचं चिन्ह, मग ‘स्टार्टअप’ असं सलग (shell:startup) लिहा. उघडलेल्या फोल्डरमध्ये नको असलेला शॉर्टकट दिसला तर तो उचलून डेस्कटॉपवर ठेवा. लगेच पुसू नका.

काही वेळा यादीत नुसतं ‘प्रोग्रॅम’ असं नाव दिसतं, चित्र कोरं, कंपनी नाही. बहुधा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचं ते मागे राहिलेलं ठिगळ असतं. रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ची खूण केली की ते कुठल्या फाइलकडे बोट दाखवतं ते कळतं.

एवढ्यानेही पत्ता लागला नाही तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ‘ऑटोरन्स’ फुकट मिळतं. ते सिसइंटर्नल्स या संचातलं. तो संच बनवणारी कंपनीच 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. आपोआप सुरू होणारं जवळजवळ सगळं त्यात दिसतं, ठरलेल्या वेळी चालणारी कामं आणि सर्व्हिसेससुद्धा. म्हणूनच ते जपून वापरायचं. आधी पर्यायांमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. पिवळ्या ओळीतली फाइल जागेवर नसते, तिची खूण काढायला हरकत नाही. खूण पुन्हा करता येते, ‘डिलीट’ केलेलं सहज परत येत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, हाताने खोदकाम करायच्या फंदात मात्र पडू नका.

हे सॉफ्टवेअर नव्हेच

काकूंची तक्रार वेगळी होती. उजव्या कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’ यायचं. हे स्टार्टअपमध्ये सापडणार नाही. कधीतरी एखाद्या साइटने सूचना पाठवू का विचारलं आणि ‘अलाऊ’ दाबलं गेलं, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि परवानगी दिलेल्या अनोळखी साइट काढून टाका. त्या सूचनेवर क्लिक तेवढं करू नका.

तरीही संशय राहिला तर विंडोज सिक्युरिटीत व्हायरसच्या भागात स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. संगणक स्वतः रिस्टार्ट होऊन पंधराएक मिनिटं तपासतो. उघडी कामं आधी सेव्ह करा, आणि आपल्याकडचा पावसाळा असेल तर लाईटचा अंदाज घेऊन, लॅपटॉप असल्यास चार्जर लावूनच बसा.

सगळं करूनही संगणक रेंगाळतोय आणि आत जुनी फिरती डिस्क आहे, तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. काकांनी ते दिवाळीवर ढकललंय. तोवर टायपिंग, अँटिव्हायरस आणि आवाज असे तिघेच आपोआप उठतात, आणि बिलाची फाइल चहा गरम असतानाच उघडते.