धानाच्या तुसाच्या राखेचा बांधकामाच्या मालात वापर कसा करावा

गोंदिया-भंडारा भागात राइस मिलच्या आवारात तुसाचे ढीग साठतात. एक क्विंटल धानातून साधारण २० किलो तूस आणि ते जाळल्यावर सुमारे ४ किलो राख मिळते. या राखेत बहुधा ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका असते आणि ती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून मालाला (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला) बळकटी देते. मात्र राख योग्य तापमानाला जळालेली असेल, तरच हे घडते.

प्रथम कोरडे, माती नसलेले तूस भोके पाडलेल्या लोखंडी पिंपात सैलसर भरावे, मधोमध जाळीची नळी उभी करावी आणि ते वारा न घालता धुमसत जळू द्यावे. तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिल्यास सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. काळीभोर राख म्हणजे जळायचा राहिलेला कार्बन, तर पांढरट-गुलाबी राख बहुधा जादा तापल्याची खूण. आपल्याला फिकट करडी राख हवी. मिलच्या बॉयलरची राख फुकट मिळत असली, तरी ती पारखल्याशिवाय मुळीच वापरू नये.

पारखण्यासाठी थोडी दळलेली राख आणि विरलेला (पाणी घालून फोडलेला) चुना पाण्यात कालवून त्याचा गोळा हवाबंद पिशवीत ओलसर ठेवावा. हवा न लागल्यामुळे नुसता चुना मऊच राहतो. त्यामुळे दोन आठवड्यांनी गोळा कडक झाला आणि पाण्यात विरघळला नाही, तर राख कामाची आहे असे समजावे.

त्यानंतर राख सिमेंटइतकी बारीक दळावी. कोरडी सिलिकेची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने दळताना व चाळताना चांगला मास्क लावणे अत्यावश्यक आहे.

वीटकाम व गिलाव्यासाठी ४५ किलो सिमेंटमागे ५ किलो राख कोरडीच एकजीव करून मग नेहमीच्या प्रमाणात वाळू घालावी. राख सच्छिद्र असल्याने पाणी थोडे जास्त लागते. ते बेताबेताने घालावे. राखेची क्रिया सावकाश होत असल्यामुळे काम किमान १० ते १४ दिवस ओले ठेवावे.

स्लॅब, बीम व कॉलमसाठी मात्र घरी केलेली राख वापरू नये. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकातही अशी राख गुणधर्मांची खात्री व संबंधितांची मंजुरी असेल तरच वापरण्यास मुभा आहे.